शेवटच्या डब्यावरची फुली

गोंदियाला कोणी हवा पालटायला जात नाही. मीही गेले नव्हते. मी गेले ते एक चुकीचा रिपोर्ट परत घ्यायला, आणि तोही दोन वर्षांनी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे भाताची शेतं, वास्त्यांची भाजी आणि माझं चिखलात पडणं वाचताना ही बाई सहलीला गेली होती असा कोणाचा समज व्हायला नको.

मी पुण्यातल्या एका तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या डीएनएवर जागोजागी बारीक खुणा करून ठेवते. त्याला मिथायलेशन म्हणतात. या खुणा वाचणारी काही प्रथिनं असतात. कोणत्या जनुकानं बोलायचं आणि कोणत्यानं गप्प बसायचं, हे त्यांच्या वाचण्यावर ठरतं. त्यातलं एक प्रथिन मेंदूला फार लागतं. ते बिघडलं तर चांगली हसतीखेळती, दोनचार शब्द बोलणारी मुलगी दीड वर्षाच्या आसपास बोलणं विसरते, हातात वस्तू धरणं विसरते आणि दोन्ही हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळत बसते. हा आजार जवळजवळ मुलींनाच होतो.

हे प्रथिन पेशीत आहे की नाही, ते आम्ही अँटिबॉडी वापरून पाहतो. करंगळीएवढ्या कुपीत थेंबभर द्रव येतो. त्यातले रेणू त्या प्रथिनाला शोधून चिकटतात आणि त्यांना लावलेला रंग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवा चमकतो. हिरवं दिसलं तर प्रथिन आहे, काळोख दिसला तर नाही. सव्वीस वर्षं मी हेच करत आले, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं असं मला वाटत होतं.

अँटिबॉडी अख्ख्या प्रथिनाला चिकटत नाही, त्याच्या एका तुकड्याला चिकटते. आमची जुनी कुपी सुरुवातीच्या टोकाला चिकटणारी होती. प्रथिनाचं शेपूट तुटलेलं असलं तरी तोंड शाबूत, म्हणून हिरवं. दोन वर्षांपूर्वी परी नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचं रक्त आमच्याकडे आलं, सगळ्या पेशी हिरव्या दिसल्या आणि मी सही केली: प्रथिन आहे, हा आजार नाही. यंदा शेवटच्या टोकाला चिकटणारी नवी कुपी आली. ती पारखायला मी जुन्या राखून ठेवलेल्या काचपट्ट्या काढल्या. परीच्या पट्टीवर निम्म्या पेशी हिरव्या होत्या आणि निम्म्या काळ्या, म्हणजे निम्म्यांत प्रथिनाचं शेपूटच नव्हतं. उरलेल्या नमुन्यावरून जनुक वाचून घेतलं, मग शंकाच उरली नाही: आजार तोच होता.

सुधारलेला रिपोर्ट कुरिअरनं पाठवला, तो ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आला. फोन लावला, तो बंद. आमचे साहेब म्हणाले, आपण आपलं कर्तव्य केलं. मला ते पटलं नाही, म्हणून मी चार दिवसांची रजा टाकली.

गोंदिया

गोंदिया स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की आपण महाराष्ट्रातच आहोत ना, अशी शंका येते. रिक्षावाला हिंदीत बोलतो, पानवाला हिंदीत ओरडतो, आणि आपण मराठीत विचारलं की दोघंही शांतपणे मराठीत उत्तर देऊन पुन्हा हिंदीवर जातात. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. हवेत ओल्या कोंड्याचा वास असतो. तो राइस मिलचा, हे मला दुपारनंतर कळलं.

सकाळी पोहे मागवले. पोह्यांवर हॉटेलवाल्यानं न विचारता लालभडक तर्री ओतली. पुण्यात पोह्यांवर खोबरं असतं आणि त्यावर आम्ही लिंबूही बेतानं पिळतो. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाला म्हणाला, "मॅडम, पोहे गोड लागले का?" शेजारच्या बाकावरचे हसले. मी बशी संपवली, कारण नाक राखायचं होतं, आणि दिवसभर त्याची किंमत मोजली.

मुर्री

मुर्री गोंदियाला चिकटूनच आहे. अर्धं शहर, अर्धं शेत. रिपोर्टावरचा पत्ता तिथला होता. रिक्षातून उतरले तशी पहिल्याच ओट्यावरच्या बाईनं विचारलं, "कोणाच्या घरी? कायले? कुठून आल्या?" पुण्यात पत्ता विचारला तर पत्ता मिळतो. इथे आधी स्वतःची माहिती द्यावी लागते, मग माणूस थेट दारापर्यंत पोचवतो. हिशेब करता हीच पद्धत बरी.

दारात परीची आजी होती, म्हणजे तिच्या वडिलांची आई, गिरजाबाई. मी तिला मावशी म्हटलं.

"मावशी कायले म्हणता? तुमच्याच वयाची आहो मी," ती म्हणाली, पण खुर्ची पुसून दिली.

परीचे वडील मिलमध्ये कामाला गेले होते. परी आणि तिची आई घरात नव्हत्या.

"सून माहेरी राहून राहिली. दरेकश्याले. दोन वर्षं झाली."

"का बरं?"

"पोरीचा रिपोर्ट आला ना पुण्याहून. त्यात जल्माचा आजार नाही निघाला." तिनं हात झटकले. "मंग झालं तं कशानं झालं? दीड वर्षाची पोरगी घेऊन ही रोवण्याले गेली. मी नाही म्हणून राहिली होती. दिवसभर पोरगी धुऱ्यावर भिजली. आठ दिवस ताप. तापातून उठली तं बोलणंच गेलं. डॉक्टर आधी म्हणत, जल्माचं असन. म्हणून आम्ही गप्प होतो. रिपोर्टानं तं सांगूनच देलं."

रोवणा म्हणजे भाताची लावणी आणि धुरा म्हणजे शेताचा बांध. माझ्या पिशवीत सुधारलेला कागद होता. तो तिथल्या तिथे काढून वाचून दाखवावा असं मला फार वाटलं. पण ज्या बाईवर हे आलं तिला आधी न सांगता सासूला सांगायचं, हे काही बरं दिसेना. मी म्हटलं, मी त्याच प्रयोगशाळेतून आले आहे, पण आधी परीच्या आईला भेटते.

गिरजाबाईला ते आवडलं नाही. "घर आमचं, नात आमची, अन् बोलणं तिच्याशी," ती म्हणाली. तरी गाडीची वेळ तिनंच सांगितली, आणि निघताना एका पिशवीत पोरीसाठी मुरमुऱ्याचे लाडू बांधून दिले.

दरेकसा

गोंदियाहून लोकल गाडी निघाली की सालेकशापर्यंत दोन्ही बाजूंना भाताच्या बांध्या, म्हणजे खाचरं. कुठे नुसतं गढूळ पाणी, कुठे कोवळी पोपटी रोपं, कुठे कमरेत वाकलेल्या बायकांची रांग. मग जमीन उठायला लागते आणि डोंगर, साग, बांबू गाडीच्या खिडकीपाशी येतात. पुढे बोगदा आहे. दरेकसा त्याच्या अलीकडचं, एवढंसं स्टेशन. माझी छत्री मी गाडीत विसरले, ती बहुधा छत्तीसगढात गेली.

फलाटावर एक म्हातारा उभा होता. धोतर, खांद्यावर टॉवेल, पाठ सरळ. कोणाला तरी घ्यायला आला असेल असं वाटलं, पण तो उतरणाऱ्यांकडे बघतच नव्हता. गाडी सुटली, सगळे डबे समोरून गेले, आणि शेवटचा डबा नजरेआड होईपर्यंत तो त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग मान हलवून वळला. मी त्यालाच वर्षाचं घर विचारलं. वर्षा म्हणजे परीची आई.

"माहीच पोरगी," तो म्हणाला. "काऊन?"

त्याचं नाव सुखदेव. तीस वर्षं याच स्टेशनावर पॉइंट्समन होता, म्हणजे सांधे बदलणारा, झेंडी दाखवणारा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दुपारच्या गाडीला येतोच. मी काकाच म्हटलं. या वेळी कोणी हरकत घेतली नाही.

वर्षा अंगणात विड्या वळत बसली होती. तिशीची, बारीक, बोलणं कमी. तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी आणि दोरा. समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत चारी बाजूंनी चादरी खोचून परीला बसवलं होतं. सात वर्षांची, आईसारखी बारीक. छातीपाशी धरलेले दोन्ही हात एकमेकांवर फिरत होते, थांबत नव्हते. सव्वीस वर्षांत मी या आजाराच्या किती काचपट्ट्या पाहिल्या असतील. मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढली नाही. शेवटी मीच दुसरीकडे पाहिलं.

मी पिशवीत हात घातला, तसं सुखदेवकाका म्हणाले, "आधी जेवा. मंग का ते सांगा."

मी म्हटलं, महत्त्वाचं आहे.

"म्हणूनच म्हणतो, जेवा."

इकडे पाहुणा जेवल्याशिवाय त्याच्या तोंडून काम ऐकत नाहीत. आमच्याकडे काम ऐकतात आणि मग जेवायच्या वेळेआधी पाहुणा जाईल अशी आशा करतात. वास्त्यांची भाजी होती, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची. किंचित आंबूस, किंचित कडवट, सोबत मऊ भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. मी दोनदा भात घेतला. ज्या घराचं आपण वाटोळं केलं त्या घरात दोनदा भात मागून घेणं बरोबर नाही, हे मला ठाऊक आहे. पण भाजी फार चांगली होती, आणि मला बोलायची वेळ पुढे ढकलायची होती.

जेवणं झाल्यावर मी दोन मोठे रंगीत फोटो अंगणातल्या खाटेवर ठेवले. परीच्याच पेशी. एकात सगळ्या हिरव्या, दुसऱ्यात निम्म्या हिरव्या, निम्म्या काळ्या. मी प्रवासात पाठ केलेलं भाषण सुरू केलं. डीएनए, खुणा, त्या वाचणारं प्रथिन, अँटिबॉडी. वर्षा फोटोंकडे बघत नव्हती, माझ्या तोंडाकडे बघत होती. तिसऱ्या वाक्याला मीच अडखळले.

सुखदेवकाकांनी पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "तुमचं हे औषध त्या वस्तूच्या कोणत्या जागी चिकटते?"

"पुढच्या टोकाला."

"अन् या दुसऱ्यातलं?"

"मागच्या."

त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी सरकवले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही इंजिन पाह्यलं, अन् गाडी आली म्हणून लिहून देलं."

"शेवटच्या डब्यावर मोठी फुली राहते," ते सांगू लागले. "ते फुली डोळ्यानं पाह्यल्याबिगर गाडी पूर्ण आली असं म्हणता येत नाही. मधातून कपलिंग तुटलं तं? इंजिन अन् पुढचे डबे येऊन जातीन, मागचे डबे बोगद्यात. अन् आपण मागून दुसरी गाडी सोडून देऊ. तीस वर्षं मी फुली पाह्यली. ताप असो का पाणी असो. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, हिरवं दिसलं अन् सोडून देली?"

तो माणूस सातवी शिकलेला. आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून पदव्या घेऊन आलेले चौघे आहेत. त्या कुपीचं माहितीपत्रक आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं, त्यावर ती कोणत्या टोकाला चिकटते तेही छापलेलं होतं, आणि शेवटचा डबा बघायला पाहिजे हे कोणाच्या मनात आलं नाही. मला लाज वाटली, आणि जरा बरंही वाटलं. कोणीतरी एकदाचं रागावलं होतं.

"होय काका," मी म्हटलं. "चूक माझी. सही माझी होती."

वर्षा पहिल्यांदाच बोलली. "म्हणजे रोवण्यानं नाही झालं?"

"नाही."

"पाण्यात भिजली म्हणून नाही?"

"नाही. ती जन्मली तेव्हाच ते होतं. बोलणं त्याच सुमाराला जायचं होतं. त्या दिवशी तुम्ही तिला घरी गादीवर निजवलं असतं तरी गेलं असतं."

"ताप?"

"ताप आला आणि गेला. त्याचा याच्याशी संबंध नाही."

तिनं वळलेली विडी सुपात ठेवली, दुसरं पान उचललं आणि तसंच हातात धरून बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. "औषध आहे का?" तिनं विचारलं.

बरं करणारं नाही, हे मी सांगितलं. झटके आले तर औषध आहे, पाठ वाकू नये म्हणून व्यायाम आहेत, नागपूरच्या डॉक्टरांना नव्या रिपोर्टासह दाखवायला हवं. आणि ही मुलं डोळ्यांनी बोलतात, ते शिकता येतं.

"ते मले माहीत आहे," वर्षा म्हणाली. परीसमोर तिनं पाण्याचा पेला आणि गिरजाबाईचा लाडू धरला. परी लाडवाकडे बघत राहिली. आईनं लाडू कुस्करून भरवला. हे शास्त्र या अंगणात माझ्याआधीच पोचलं होतं.

सुखदेवकाकांनी घरातून वही आणि लाल पेन आणलं. "रेल्वेत चूक झाली तं ज्यानं केली त्यानंच लिहा लागते. आपल्या हातानं. छापील चालत नाही."

मी लिहिलं. मराठीत, मोठ्या अक्षरात. परीचा आजार जन्मतःचा आहे. लावणीला नेल्यामुळे, भिजल्यामुळे किंवा तापामुळे झालेला नाही. दोन वर्षांपूर्वीचा माझा रिपोर्ट चुकीचा होता. खाली सही. कागद वर्षाकडे दिला, तर तिनं घेतला नाही.

"मले कायले देता? मले समजलं. तिकडं वाचून दाखवा. सगळ्यांसमोर."

पुन्हा मुर्री

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही चौघं निघालो. गोंदियाला उतरल्यावर सुखदेवकाका गाडी पुढे जाऊन फुली दिसेपर्यंत थांबले. मग आम्ही रिक्षा केली.

घराला कुलूप होतं. गिरजाबाईची बांधी घरामागे थोडं चालून गेलं की लागते. ती चार बायकांबरोबर रोवण्यात होती. धुरा वीतभर रुंद आणि साबणासारखा गुळगुळीत. वर्षा परीला कडेवर घेऊन त्यावरून सरळ चालत गेली. मी सहाव्या पावलाला बांधीत गेले. गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल कायमची त्या शेताची झाली, कागद तेवढा मी हात उंच करून वाचवला. बायका पोट धरून हसल्या. त्यानं माझं काम सोपं झालं की अवघड, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तशीच चिखलात उभी राहून कागद वाचला. दोनदा वाचला. हसणं थांबलं होतं.

गिरजाबाईच्या हातात रोपांची जुडी होती. "मंग हिच्या माहेराकडून आलं का?" तिनं विचारलं.

"कोणाकडून आलेलं नाही. बहुतेक वेळा ते नव्यानंच होतं, कोणाचा दोष नसतो."

असं नव्यानं होतं तेव्हा बहुधा बापाच्या बीजात होतं, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. या घरानं एक आरोपी दोन वर्षं पोसला होता, त्याच्या जागी दुसरा आणून बसवायला मी आले नव्हते.

"दोन वर्षं आमी हिले बोलून राहिलो," गिरजाबाई म्हणाली.

"ते माझ्यामुळे. मी चुकीचं लिहिलं होतं."

"तुमच्यामुळं कायले?" ती माझ्यावर खेकसलीच. "तुमी कागद देला. तोंड तं माहंच होतं."

इतकं सरळ मी पुण्यात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माझ्याही नाही. मी इतक्या लांब कबुली द्यायला आले होते, आणि त्या बाईनं आपला वाटा तिथल्या तिथे, चिखलात उभ्या उभ्या, उचलून घेतला. माझा वाटा तेवढ्यानं कमी झाला नाही, पण मला ती फार आवडली.

ती वर्षाकडे वळली. माफी वगैरे मागितली नाही. "पदर खोच," ती म्हणाली. "पऱ्हे सुकून राहिले." पऱ्हे म्हणजे लावणीची रोपं.

त्या रोवण्यानंतर वर्षानं साडेपाच वर्षांत बांधीत पाय घातला नव्हता. ती क्षणभर उभी राहिली. मग मला धुऱ्यावर बसवून परीला माझ्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि उतरली. सुखदेवकाका धुऱ्यावर पाठ सरळ करून उभे होते, टॉवेलानं तोंड पुसत होते, आणि ते घाम पुसत नव्हते.

रोवणा करणाऱ्या बायका उलट्या चालतात. रोप खोचायचं, एक पाऊल मागे यायचं. त्यामुळे वर्षा पलीकडच्या टोकाला जाऊन कामाला लागली आणि मग पाठमोरी, ओळीओळीनं, आमच्याकडे येत राहिली. माझ्या मांडीवर परीचे हात फिरत होते. मी एकदा त्यांवर माझा हात ठेवून पाहिला. ते माझ्या तळव्याखालीही फिरत राहिले. तिची मान मात्र हलत नव्हती.

तासाभरानं वर्षाची टाच धुऱ्याला टेकली. ती वळली. कपाळावर चिखल होता.

"रडली का?"

"नाही."

"मंग का करत होती?"

"तुमच्याकडे बघत होती. पूर्ण वेळ."

वर्षानं हात कमरेला पुसले आणि परीच्या समोर वाकली.

"त्या दिवशीबी अशीच पाहून राहिली होती," ती म्हणाली. "धुऱ्यावर बसून. इतकी खूश होती ना, मॅडम. हे मी आजवर कोणाले सांगितलंच नाही."

मग तिनं दुसरी जुडी उचलली आणि पुन्हा पाण्यात उतरली.